लुळे मूल आणि मातेवरील फिर्याद

वाशीम जिल्ह्यातील एखाद्या घरी सहा महिन्यांचे मूल मान सावरीना, पाय उचलीना, की डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीच वडीलधाऱ्यांची चौकशी मातेपासून सुरू होते, आणि ग्रहणात तिने काही चिरले होते काय, इथवर येऊन ठेपते. ही फिर्याद सर्वथैव निराधार आहे.

गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्याच्या अखेरीस मज्जारज्जूची नलिका मिटते, आणि पुढे तिच्या पोटाकडील भागात आयलेट-१ व एचबी-९ यांसारखी प्रथिने जनुकांच्या दफ्तरातील नेमकी पाने उघडून पेशीला स्नायू हलविणारी प्रेरक चेतापेशी होण्याचा हुकूम देतात. एचबी-९ नसलेल्या उंदरांत, असे १९९९ साली दिसून आले, या पेशी जन्मतात खऱ्या, पण त्यांची ओळख ढळते आणि त्यांचे तंतू भलत्या वाटेला लागतात.

यावरून सुशिक्षितांचाही असा ग्रह होतो की, जे प्रथिन ही पेशी घडविते त्याच्याच बिघाडाने ती पुढे झिजते. वस्तुस्थिती निराळी आहे. माणसात एचबी-९ च्या जनुकाची एक प्रत बिघडली, तर त्रिकास्थी व गुदद्वार यांची जन्मजात विकृती संभवते. हा संबंध १९९८ साली सिद्ध झाला. बालकांचे स्नायू क्षीण करणारी स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी मात्र बहुतांशी पाचव्या गुणसूत्रावरील एसएमएन-१ या वेगळ्याच जनुकाच्या अभावाने होते. १९९५ साली सापडलेल्या या जनुकाचे प्रथिन पेशीला ओळख देणारे नव्हे. घडलेल्या पेशीचा नित्य कारभार त्याच्यावर चालतो.

आणि हा दोष एकट्या मातेचा नसतोच. बहुधा आईबाप दोघेही निरोगी वाहक असतात, आणि अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्यास चारात एक इतका धोका राहतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याच्या आपल्या जुन्या चालीने, दोघांच्या पूर्वजांत हा जनुकदोष असल्यास, हा धोका वाढतो.

लुळा पाय म्हणजे पोलिओच, हीही समजूत सोडावी. वन्य पोलिओचा भारतातील शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत आढळला. तथापि पंधरा वर्षांखालील मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडल्यास आरोग्य खात्याला तत्काळ कळविणे आजही आवश्यक आहे.

२०१६ पासून स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या आनुवंशिक रोगावर औषधे निघाली आहेत. ती अत्यंत महाग असली तरी जितकी लवकर मिळतील तितका अधिक उपयोग होतो. म्हणून अंगणवाडीत येणाऱ्या तपासणी पथकाला मूल दाखवा, जिल्हा रुग्णालयात रक्ताच्या जनुकीय चाचणीविषयी विचारा, आणि मातेला दोष देणे आजच थांबवा.