विसरभोळ्यांची बाग

घरातील कुंडी सुकली की आपण सहज म्हणून जातो, ‘पाणी घालायचे राहून गेले.’ परंतु घरात, सावलीत वाढणारी झाडे पाण्यावाचून मरतात त्याहून अधिक वेळा अतिपाण्याने मरतात. मुळांना पाण्याइतकीच हवेचीही गरज असते. माती सतत ओली राहिली की मातीच्या कणांमधील हवेची जागा पाणी घेते, मुळे गुदमरतात आणि कुजू लागतात. कुजलेल्या मुळांना पाणी शोषता येत नाही, म्हणून पाने माना टाकतात. ती पाने पाहून आपण आणखी एक तांब्या ओततो आणि झाडाचा शेवट जवळ आणतो.

ज्येष्ठ वाचकांनी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, याला एक वैद्यकीय कारण आहे. विसरणे दोन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात करायचे काम राहून जाते. दुसऱ्या प्रकारात केलेले काम स्मरत नाही, म्हणून ते पुन्हा केले जाते. रक्तदाबाची गोळी घ्यायची राहणे आणि सकाळी घेतलेली गोळी दुपारी पुन्हा घेणे यांत जो फरक आहे, तोच इथेही आहे. म्हणून रोपवाटिकेत जाण्यापूर्वी आपले विसरणे कोणत्या प्रकारचे आहे, हे स्वतःला विचारावे. झाडाची निवड त्यावरून करावी.

पाणी घालायचे राहून जाते त्यांच्यासाठी

या वाचकांसाठी पहिली शिफारस स्नेक प्लांटची. उभी, तलवारीसारखी, पट्ट्यापट्ट्यांची पाने असलेले हे झाड मूळचे पश्चिम आफ्रिकेतील. त्याच्या जाड पानांत पाण्याचा साठा असतो. शिवाय बहुतेक वनस्पतींच्या पानांवरील सूक्ष्म छिद्रे दिवसा उघडतात, तर याची प्रामुख्याने रात्री. त्यामुळे उन्हाच्या वेळी पाण्याची वाफ फारशी होत नाही. दोन-तीन आठवड्यांतून एकदा पाणी त्याला पुरते आणि पावसाळ्यात त्याहूनही कमी. दिवाणखान्यातील मंद उजेडातही ते तग धरते.

दुसरे झीझी प्लांट. हे पूर्व आफ्रिकेतील असून त्याच्या मातीखालच्या खोडात बटाट्यासारख्या गाठी असतात. त्या गाठी म्हणजे त्याची पाण्याची टाकीच. आपण पंधरा-वीस दिवस लेकीकडे राहून आलात, तरी हे झाड तक्रार करीत नाही.

तिसरी आपल्या ओळखीची कोरफड. तिला मात्र खिडकीतील चांगला उजेड हवा आणि पाणी दहा-पंधरा दिवसांनी. इथे एक इशारा आवश्यक आहे. कोरफडीच्या सालीलगतचा पिवळसर चीक तीव्र रेचक असतो. हृदयविकारासाठी किंवा लघवी होण्यासाठी गोळ्या घेणाऱ्यांना जुलाब झाले, तर शरीरातील पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. कुंडीतील कोरफड शोभेसाठी ठेवावी. स्वतःच्या मनाने तिचा औषध म्हणून उपयोग करू नये. मधुमेहासाठी सदाफुलीची पाने चावणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे. त्या वनस्पतीपासून कर्करोगावरील औषधे मिळवली जातात, यावरूनच तिच्या सामर्थ्याची कल्पना यावी.

पाणी पुन्हा पुन्हा घातले जाते त्यांच्यासाठी

दुसऱ्या प्रकारच्या विसराळूपणात वरील तिन्ही झाडे महिनाभरात कुजतील. अशा घरात पाण्यातच वाढणारी झाडे लावावीत. मनी प्लांट आणि लकी बांबू ही दोन्ही काचेच्या बाटलीत वर्षानुवर्षे राहतात. बाटली भरलेली आहे की नाही, हे डोळ्यांना दिसते. आठवणीवर अवलंबून राहावे लागत नाही. भरलेल्या बाटलीत आणखी पाणी ओतले तरी झाडाचे काही बिघडत नाही.

परंतु उघड्यावर साचलेले स्वच्छ पाणी डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला फार प्रिय. अंड्यापासून उडणारा डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्याचा एक वार ठरवून पाणी पूर्ण बदलावे आणि बाटली आतून घासावी, कारण अंडी काठाला चिकटून राहतात आणि कोरड्यातही कित्येक महिने जिवंत राहू शकतात. बाटलीच्या तोंडाशी देठाभोवती कापसाचा बोळा घट्ट बसवला, तर डासाची वाट बंद होते. कुंडीखालच्या बशीलाही हाच नियम लागू. पालिका आणि ग्रामपंचायती ‘कोरडा दिवस’ पाळण्याचे आवाहन करतात, त्यात या बशीचा समावेश करावा.

मातीतीलच झाड हवे असेल, तर कुंडीला तळाशी छिद्र असलेच पाहिजे आणि माती पाणी धरून न ठेवणारी, वाळूमिश्रित असावी. पाणी घालण्यापूर्वी उदबत्तीची जळून उरलेली काडी मातीत दोन इंच खोचून बाहेर काढावी. काडीला ओली माती चिकटली, तर त्या दिवशी पाणी नको. बोटाने तपासण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण मधुमेहाने बोटांची संवेदना कमी झाली असेल, तर काडीच अधिक विश्वासाची.

स्मृतिभ्रंश असलेल्या घरात

इथे झाडाच्या चिवटपणापेक्षा त्याचा निरुपद्रवीपणा महत्त्वाचा. स्मृतिभ्रंश वाढत गेला की काही रुग्ण हाती लागेल ते तोंडात घालतात. मनी प्लांटचे पान हृदयाच्या आकाराचे, तकतकीत. आयुष्यभर विडा खाल्लेल्या आजोबांना ते नागवेलीचे वाटू शकते. अळू नीट न शिजल्यास घशाला का खाजते, हे आपल्या स्वयंपाकघरांना ठाऊक आहे. कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे तेच स्फटिक मनी प्लांट, झीझी आणि डिफेनबाखिया यांतही असतात. डिफेनबाखियाचे पान चावल्यास जीभ आणि घसा इतका सुजू शकतो की बोलणे व गिळणे कठीण होते. कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, यांचे विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करते. बाल्कनीच्या कुंडीतही ही झाडे नकोत. कोणी असे पान चावलेच, तर तोंड स्वच्छ करावे, उलटी करवू नये, पान सोबत घ्यावे आणि रुग्णालय गाठावे.

मग अशा घरात लावावे काय? पानओवा. जाड, लवदार पानांचे हे झुडूप फांदी खोचली की रुजते, चार दिवस पाणी न मिळाले तरी टिकते आणि त्याची भजी आपण पिढ्यान्‌पिढ्या खात आलो आहोत. थोडे ऊन मात्र त्याला मिळावे. पान चुरगळले की येणारा वास ज्यांची दृष्टी अधू झाली आहे त्यांनाही सुखावतो, जुने काही आठवून जातो. गवती चहाही चालेल. फक्त त्याच्या पात्यांच्या कडा धारदार असतात, त्यामुळे रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी तो कात्रीनेच कापावा. निव्वळ शोभेसाठी स्पायडर प्लांट बिनविषारी आहे आणि त्याच्या फुगीर मुळांत पाणी साठत असल्याने थोडा विसरही त्याला सोसवतो.

कुंडी कुठे ठेवावी

झाडाने कोणाला इजा करू नये, ही पहिली अट. टांगलेल्या कुंड्या टाळाव्यात. त्यांना पाणी घालण्यासाठी स्टुलावर चढणे आले आणि या वयात स्टुलावरून पडणे म्हणजे खुब्याच्या हाडाला निमंत्रण. जमिनीवरील कुंडीसाठी वाकून एकदम उठताना, विशेषतः रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची औषधे चालू असताना, डोळ्यांसमोर अंधारी येऊ शकते. म्हणून कुंडी कमरेच्या उंचीवर, भक्कम आधारावर असावी. स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर कुंडी नको आणि सांडलेले पाणी लगेच पुसावे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. मोठ्या झारीऐवजी लहान तांब्या बरा. मधुमेहींनी बाल्कनीत अनवाणी जाऊ नये आणि निवडुंग घरात आणू नये. मातीत काम करणाऱ्यांनी धनुर्वाताच्या लसीची मात्रा घेतली आहे ना, हे आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. कीटकनाशक कधीही सरबताच्या किंवा औषधाच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवू नये.

आठवणीपेक्षा सवय टिकाऊ

‘दर दहा दिवसांनी’ ही सूचना विसराळू माणसाच्या उपयोगाची नाही. दहा दिवस मोजणार कोण? ‘शनिवारी, मारुतीच्या दर्शनाहून आल्यावर’ ही सूचना पाळली जाते, कारण ती आधीच्या सवयीला बांधलेली असते. आपल्याकडे स्नानानंतर तुळशीला पाणी घालण्याची जी रीत आहे, तिचे बळ यातच आहे. काल काय जेवलो हे न आठवणारी वृद्ध व्यक्तीही अनेकदा हात जोडून तुळशीपाशी बरोबर उभी राहते. हातांना लागलेल्या सवयी मेंदूच्या वेगळ्या भागांत जपल्या जातात आणि स्मृतिभ्रंशाच्या आरंभीच्या काळात त्या बऱ्याच अंशी शाबूत असतात. तुळस मात्र उन्हाची भुकेली; तिला काही तास थेट ऊन हवे आणि पावसाळ्यात रोजच्या तांब्याऐवजी पळीभर पाणी पुरे. पळीने रीतही राहते आणि तुळसही.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पाणी घातलेल्या दिवसावर फुली मारावी. ही फुली दुसऱ्या प्रकारच्या विसराळूंसाठी अधिक मोलाची आहे. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलेले नाही, त्यांनी झाडाला पाणी घालण्यापूर्वी स्वतःही एक पेला पाणी घ्यावे. वयोमानाने तहानेची जाणीव मंदावते, हे आपण विसरतो.

झाडाकडून अपेक्षा किती ठेवावी

‘स्नेक प्लांट रात्री प्राणवायू देते’, ‘ही झाडे घरातील हवा शुद्ध करतात’, असे संदेश आपल्यालाही येत असतील. १९८९ साली अमेरिकेच्या ‘नासा’ने बंद पेटीत झाडे ठेवून जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांवर हा समज पोसला गेला. घर मात्र बंद पेटी नसते. २०१९ साली अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या अमेरिकी संशोधकांना असे आढळले की, खिडक्या-दारांतून होणाऱ्या हवेच्या ये-जा इतका परिणाम साधायचा, तर दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडे लागतील. तेव्हा दम्याचा फवारा झाडाच्या भरवशावर बंद करू नये, खिडकी उघडावी.

झाडाचा खरा लाभ वेगळा आहे. १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एका वृद्धाश्रमातील अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला दैनंदिन जीवनातील काही निर्णय स्वतः घ्यायला सांगितले आणि प्रत्येकाला स्वतः जोपासण्यासाठी एक झाड दिले. दुसऱ्या गटालाही झाडे दिली, पण त्यांची निगा कर्मचाऱ्यांनी राखली. पहिला गट अधिक उत्साही आणि सजग आढळला. अभ्यास लहान होता आणि सारे श्रेय एकट्या झाडाला देता येणार नाही. तरीही ‘हे माझ्यावर अवलंबून आहे’ या भावनेचे मोल त्यातून जाणवते.

काळजीवाहकांसाठी

ज्या आईने चाळीस वर्षे खिडकीतील कुंड्या फुलवल्या, तिच्या कुंड्या दोन-तीन महिन्यांत सुकू लागल्या किंवा पाण्याने तुडुंब दिसू लागल्या, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. हे स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीचे लक्षण असू शकते. ते नैराश्याचेही असू शकते. थायरॉइडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, मोतीबिंदू, गुडघेदुखी किंवा नव्याने सुरू झालेली झोपेची गोळी, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. यांतील बहुतेक कारणांवर उपचार आहेत. डॉक्टरांकडे जाताना ही कुंडीची गोष्ट अवश्य सांगा. दहा मिनिटांच्या तपासणीत आम्हांला ती दिसत नाही.

आणि त्यांच्या नकळत झाडाला पाणी घालू नका. त्याने कुंडीत दुप्पट पाणी पडेल आणि त्यांच्या हातचे एक काम कमी होईल. हवे तर सकाळी शेजारी उभे राहा, काडी मातीत खोचून त्यांच्या हाती द्या आणि विचारा, ‘आज घालायचे का?’ निर्णय त्यांना घेऊ द्या.