हिवाळ्यांतील दुपार : धरणाकांठचे व माळावरचे पक्षी

पक्ष्यांशीं शेतकऱ्याचा संबंध बहुधा दोन प्रसंगीं येतो. ज्वारी दाण्यांत आल्यावर राखण करतांना व नांगरामागें बगळे चालूं लागले म्हणजे. परंतु कोणास हांकावें व कोणास राहूं द्यावें हें ठरविण्यास पक्ष्यांचा दिनक्रम ठाऊक असला पाहिजे. त्यासाठीं मार्गशीर्ष-पौषांतील एक दुपार खर्चणें वायां जात नाहीं.

ह्या कामीं पुणें जिल्ह्यांतील इंदापूर तालुका सोयीचा आहे. भीमेवरील उजनी धरण १९८० सालीं पूर्ण झालें. त्याच्या जलाशयांत सुमारें ११७ अब्ज घनफूट पाणी मावतें व त्याची फुगवटी भिगवणपर्यंत पोंचते. त्याच तालुक्यांत कडबनवाडीचें गवताळ माळरानही आहे.

तिसऱ्या प्रहरीं प्रथम पाण्याकडे जावें. सूर्य पाठीशीं राहील अशा पश्चिमेकडील कांठावर उभें राहिल्यास रंग स्पष्ट दिसतात. पावसाळ्यानंतर धरणाचें पाणी जसजसें ओसरतें, तसतसा कांठचा गाळ उघडा पडतो. शेतकरी जेथें गाळपेर करतो, तेथेंच पाणपक्ष्यांस किडे व कोंवळें गवत मिळतें. उथळ पाण्यांत रोहित, कपाळावर गंधासारखा पांढरा टिळा असलेले वारकरी, आणि तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस येथें दिसतात. हे हंस रात्रीं शेतांत चरावयास उतरतात, हेंही ध्यानांत ठेवावें.

ऊन कलल्यावर माळ गांठावा. तेथील मुख्य पाहुणा भोवत्या होय. हा शिकारी पक्षी युरोप व मध्य आशियांतून येतो. पंख किंचित् उंच धरून तो गवताच्या शेंड्यांवरून सखल व संथ उडतो. टोळ, नाकतोडे, उंदीर व लहान पक्षी हें त्याचें भक्ष्य. सूर्यास्ताचे वेळीं तो झाडावर न बसतां गवतांत जमिनीवर उतरतो, व असे अनेक पक्षी एकाच माळावर रात्र काढतात. म्हणून हिवाळ्यांत माळास आग लावणें म्हणजे आपल्या पिकाच्या राखणदाराचें अंथरूण जाळणें होय.

माळ निरुपयोगी आहे असा समज पसरण्यास आमच्या महसुली दप्तरांतील शब्दही कांहीं अंशीं कारण झाले आहेत. 'पोटखराब' ह्या शब्दाचा अर्थ पेरणीस अयोग्य जमीन एवढाच आहे. वर्ग (अ) च्या अशा जमिनीवर २०१८ पर्यंत आकार बसत नसे, परंतु आकार नाहीं म्हणून उपयोग नाहीं, असें अनुमान काढतां येत नाहीं.

भोरडीविषयीं मात्र दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत. मध्य आशियांतून येणाऱ्या ह्या गुलाबी मैनेचे थवे शाळूच्या कणसांवर पडतात, तेव्हां गोफण घ्यावीच लागते. परंतु हीच भोरडी टोळ व इतर किडेही खाते, आणि पळस-पांगारा फुलल्यावर मध पितांना परागीकरण करते. म्हणून कणसें भरण्याच्या दिवसांत तिला हुसकावें, पण जाळें वा विष योजूं नये.

गवत कापावयाचें झाल्यास सर्व माळ एकदम न कापतां एक पट्टा उभा ठेवावा, व भोवत्या परत जाईपर्यंत, म्हणजे चैत्र संपेपर्यंत, त्यास विस्तव लावूं नये. ह्यास पैका लागत नाहीं. टोळ व उंदीर वेंचणारा मजूर मात्र फुकट मिळतो.