तो, ती आणि त्याची लेक

‘मला सहा वर्षांची मुलगी आहे. माझ्याकडेच असते. आणि तिच्या कस्टडीची केस सुरू आहे.’

तिसऱ्या कॉफीला समोरचा असं म्हणाला तर? कल्टी माराल? की ‘प्रेम आहे ना, मग बास’ म्हणत उडी माराल?

समजा, मारलीच उडी. मग लक्षात येतं की पिक्चरचा प्लॅन त्याच्या मूडवर नाही, लेकीच्या तापावर ठरतो. त्याच्या कॅलेंडरमध्ये तुमच्या बर्थडेच्या आधी कोर्टाची तारीख असते. युट्यूब बघून तो वेणी घालायला शिकतोय. आपण नेमके त्याच्यावरच तर भाळलो!

पण एक गोष्ट माहीत हवी. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असतं. त्यापुढे आई की बाबा, असं सरळ उत्तर नाही. मुलाचं हित कशात आहे, ते कोर्ट बघतं. मूल समजण्याइतकं मोठं असेल, तर त्याची इच्छाही विचारात घेतली जाऊ शकते. मग घरात कोण येतं-जातं, हाही विषय तिथे निघू शकतो. म्हणजे तुम्हीसुद्धा!

म्हणून आधी दोन प्रश्न विचारा. एक त्याला : घटस्फोट झालाय की तोही कोर्टातच आहे? यात लाजायचं काही नाही. दुसरा स्वतःला : त्याला मी हवीय, की ‘घरात बाई आहे’ हे दाखवायला कुणीतरी हवंय? दुसऱ्याचं उत्तर लगेच मिळत नाही. डबा, होमवर्क, आजारपण हे सगळं हळूहळू तुमच्या अंगावर पडत गेलं, तर मात्र मिळतं.

आणि त्याचीही एक भीती असते, तो बोलत नाही एवढंच. उद्या ही निघून गेली तर? लेकीला पुन्हा एकदा कुणीतरी सोडून गेल्यासारखं वाटेल. त्यामुळे तो भेट घालून द्यायला उशीर करत असेल, तर रुसू नका. तो टाळत नसेल, जपत असेल.

1995 च्या ‘अकेले हम अकेले तुम’मध्ये मुलासाठी कोर्टात भांडणारे आई-बाबा शेवटी एकत्र येतात. खऱ्या आयुष्यात बऱ्याचदा तसं होत नाही. पण मुलीसाठी आई ही आईच राहते. तिच्याबद्दल वाकडा शब्द नको. ‘आता मीच तुझी मम्मी’ तर नकोच नको. इन्स्टावर तिघांचा सेल्फीही नको.

मग करायचं काय? थांबायचं. ताई म्हणू दे, नावाने हाक मारू दे, काहीच नाही म्हटलं तरी चालू दे.

एखाद्या दिवशी तीच रबरबँड घेऊन समोर येईल. ‘पोनी घालशील? बाबाला नीट जमत नाही.’

घाला. हळूच. केस ओढू नका.