सोनं मागणाऱ्या बहिणीची गोष्ट

अथेन्सवरून उडत चाललेल्या मर्क्युरी देवाला खाली मिनर्व्हा देवीच्या उत्सवाची मिरवणूक दिसते. डोक्यावर परड्या घेतलेल्या कुमारिकांत राजा सेक्रॉप्सची मुलगी हर्सी असते. देव भाळतो आणि थेट राजवाडा गाठतो. तिथे बहीण अग्लॉरस आडवी येते. काम करून देते, पण आधी भरपूर सोनं मोजा! देवाकडेच दलाली मागणारी ही बाई मला कथेतलं सगळ्यांत जिवंत पात्र वाटते. मिनर्व्हाचा तिच्यावर जुना राग असतो. ती मत्सराला तिच्या अंगात शिरायला लावते. अग्लॉरस मग बहिणीच्या दारात ठाण मांडून बसते, हटत नाही आणि मर्क्युरी तिचा काळवंडलेला दगड करून टाकतो. ऑव्हिडच्या ‘मेटॅमॉर्फसीस’च्या दुसऱ्या सर्गात ही गोष्ट येते.

सोळाव्या शतकाच्या मध्याला ब्रसेल्समध्ये विलेम द पॅनेमाकरच्या कारखान्यात या कथेवर आठ टॅपेस्ट्रींचा, म्हणजे भिंतीवर टांगायच्या विणीव चित्रांचा, संच विणला गेला. त्याचे आराखडे जोव्हानी बात्तिस्ता लोदी या इटालियन चित्रकाराचे मानले जातात. त्यातला ‘हर्सीचा शयनकक्ष’ न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. उंची जवळपास साडेचार मीटर, रुंदी पाच मीटरांहून जास्त. भरजरी पलंगावर मर्क्युरी हर्सीला जवळ ओढतो आहे आणि भोवती पंखवाल्या बाळांची लगबग चालली आहे.

गंमत अशी, की ऑव्हिडकडे हा प्रसंग घडतच नाही. बहिणीचं भाग्य आणि तिचा देखणा देव हे सगळं मत्सर अग्लॉरसच्या डोळ्यांपुढे उभं करतो, एवढंच. तिला जे नुसतं मनात दिसलं, ते इथे लोकर, रेशीम आणि सोन्याचांदीच्या जरीत विणलेलं आहे. भिंतीवर असा पट टांगणाऱ्या सरदाराला पाहुण्याच्या पोटात नेमका तोच मत्सर कालवायचा होता, असं मला वाटतं.

कारण हा ऐवज भयंकर महाग. ब्रसेल्सचे विणकर आडव्या मागावर बसत. पटाच्याच मापाचा रंगीत आराखडा पट्ट्या कापून उभ्या धाग्यांखाली ठेवलेला असे. विणकरासमोर पटाची मागची बाजू येई, त्यामुळे तयार पटावर चित्र उलटं उमटे. डावा हात उजवा होई. आडवा धागा काठापासून काठापर्यंत जात नसे. ज्याचा रंग जेवढ्या जागेत, तेवढ्यातच त्याची कांडी फिरायची. पैठणीचा पदर याच तत्त्वावर विणतात, म्हणून येवल्याच्या विणकराला यातलं काही नवं वाटणार नाही. सहा मोठ्या पटांच्या संचाला तीसेक विणकर लावले, तरी आठ ते सोळा महिने जात. रेशमी गाभ्यावर गुंडाळलेल्या जरीचा खर्च वेगळाच. १५२८ पासून ब्रसेल्समध्ये पटाच्या काठात शहराचं चिन्ह विणणं सक्तीचं झालं: दोन ‘बी’ आणि मधे ढाल. कारखानदाराचंही चिन्ह असे. मागावर बसलेल्यांची नावं मात्र काठात येत नसत.

सोन्याचांदीच्या या जरीनेच पुढे अनेक पटांचा घात केला. १७९७ मध्ये फ्रान्सच्या क्रांतिकारी सरकारने राजघराण्याच्या टॅपेस्ट्री धातूसाठी जाळल्या. राफाएलच्या आराखड्यांवरून विणलेला, पहिल्या फ्रान्सिस राजाचा संचही त्यात गेला. फिरत्या दरबाराबरोबर पेटाऱ्यांतून हिंडणारी ही चित्रं युद्धं आणि कसर यांतून वाचली, ती भट्टीत संपली.

मर्क्युरी-हर्सीचा संच स्पेनमध्ये होता, म्हणून बचावला. लेर्माचा ड्यूक, मग मेदिनासेली घराणं अशी त्याची मालकी फिरली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाटण्या झाल्या आणि पट पांगले. शयनकक्षाचा पट गेला जॉर्ज ब्लूमेंथाल या न्यूयॉर्कच्या बँकरकडे, आणि १९४१ मध्ये त्याच्या मृत्युपत्राने संग्रहालयाकडे. मर्क्युरी हा व्यापाऱ्यांचाही देव, तेव्हा त्याची काही तक्रार नसावी. २०१० मध्ये माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाने हा संच एकत्र मांडला; प्रदर्शन संपल्यावर पट आपापल्या मालकांकडे परत गेले.