काट्याची स्लिप आणि बंदराची पीएचडी

गाळप हंगामात आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या नेसरीकडची रात्र साखर कारखान्याच्या यार्डात जाते. माझ्या दादाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन रांगेत उभा असतो, पुढे दीडशे-दोनशे गाड्या, मागे तेवढ्याच. कुणी ट्रॉलीखाली घोंगडं टाकून आडवा झालेला, कुणी पाचट पेटवून शेकत बसलेला. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं, साखरही उतरते, आणि शेतकऱ्याचा पैसा कारखान्याच्या दारातच आटत जातो. तीन वर्षांपूर्वी अशाच एका रात्री माझी पुतणी हट्टानं दादाबरोबर यार्डात गेली. ती तेव्हा शिवाजी विद्यापीठात गणितात एमएस्सी करत होती. सकाळी घरी आली ती वही घेऊन. किती वाजता किती गाड्या आत आल्या, वजनकाट्यावर एक गाडी किती मिनिटं घेते, गव्हाणीपाशी किती वेळ जातो, सगळं लिहून आणलेलं. मला वही दाखवून म्हणाली, "काका, तासाला वीस गाड्या खाली होतात आणि पुढं दोनशे चाळीस उभ्या आहेत. म्हणजे बारा तास. हे रांगेत शिरतानाच दादाला सांगता आलं असतं की!"

तिनं केलेला हिशेब जगभरच्या बंदरांत रोज होतो. तिथं ट्रॅक्टरऐवजी जहाज असतं आणि गव्हाणीऐवजी धक्का. कोपनहेगनच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम करणाऱ्या ए. के. एरलांगनं १९०९ साली या रांगांचं गणित मांडायला सुरुवात केली आणि त्यातून एक शास्त्रच उभं राहिलं. त्यातला एक निष्कर्ष आमच्या यार्डातल्या प्रत्येकाच्या अंगावरून गेलेला आहे, फक्त आकड्यात कुणी सांगितलेला नाही. गाड्या जशा सुचेल तशा येत असतील आणि काटा अर्धाच वेळ गुंतलेला असेल, तर एक गाडी मोजायला जेवढा वेळ लागतो साधारण तेवढाच थांबावा लागतो. काटा नव्वद टक्के वेळ गुंतला की थांबणं नऊ पट होतं. म्हणजे काम दुपटीच्या आतच वाढतं आणि ताटकळणं मात्र नऊ पटींनी. बंदराचा धक्का भरगच्च चालला की जहाजं बाहेर नांगर टाकून दिवस मोजत बसतात त्याचं कारण हेच. यंत्र बंद पडायला नको की कुणाचा आळस नको, भरलेपणाच पुरतो.

पुतणीला पीएचडी करायची होती. मग तिच्याबरोबर मीही शोधत गेलो की बंदर, समुद्र आणि त्यांची यंत्रं यांवर पगार घेऊन संशोधन करायचं तर नेसरीच्या पोरीनं जायचं कुठं. गावात पहिला प्रश्न आला तो आईकडून, म्हणजे तिच्या आजीकडून. "दर्याचं शिकून तू खलाशी व्हणार हाईस व्हय गं?" प्रश्न रास्त होता. सेनापती प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार २४ फेब्रुवारी १६७४ रोजी जिथं पडले ती खिंड आमच्या गावाची ओळख. घोडा, माती, ऊस, काजू हे आमचं जग. पावसाचं पाणीसुद्धा आमच्याकडे समुद्राला पाठ करून जातं. अरबी समुद्र आंबोलीचा घाट उतरला की वेंगुर्ल्यात दिसतो, पण आमची घटप्रभा पूर्वेला वळते, कृष्णेला मिळते आणि पार बंगालच्या उपसागरात पोचते.

आम्ही पहिल्यांदा गेलो खडकवासल्याला. केंद्रीय जल आणि विद्युत अनुसंधान शाळा ही संस्था मुंबई इलाख्यानं १९१६ साली सिंचनाच्या प्रश्नांसाठी सुरू केली आणि १९३६ मध्ये ती केंद्र सरकारकडे गेली. नावात बंदर नाही, पण देशातल्या मोठ्या बंदरांपैकी बहुतेकांचं पाणी आधी इथं वाहून पाहिलेलं आहे. भल्यामोठ्या शेडमध्ये सिमेंटची खाडी, सिमेंटची बेटं. एका टोकाची यंत्रणा भरती-ओहोटी घडवते. पाण्यावर कागदाचे कपटे सोडायचे, वरून फोटो घ्यायचे, प्रवाह कुठं वळतो, कुठं घुटमळतो ते वाचायचं. जिथं घुटमळतो तिथं गाळ बसणार आणि पुढची पन्नास वर्षं उपसा करावा लागणार.

इथं एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. असं मॉडेल नकाशासारखं सरळ लहान करत नाहीत. समजा, आडवं प्रमाण १:४०० घेतलं. तेच उभ्याला लावलं तर सोळा मीटर खोल जलमार्ग चार सेंटिमीटरचा होईल. एवढ्या उथळ पाण्यात तळाचं घर्षण आणि पाण्याचा पृष्ठताण यांचाच जोर चालतो, आणि समुद्र समुद्रासारखा वागत नाही. म्हणून उभं प्रमाण वेगळं, समजा १:८०, ठेवतात आणि तोच मार्ग वीस सेंटिमीटर खोल होतो. आता काळही लहान करावा लागतो. ४०० ला ८० च्या वर्गमुळानं भागलं की साधारण ४५ येतात. खऱ्या समुद्रात एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत १२ तास २५ मिनिटं जातात. मॉडेलमध्ये तेवढंच चक्र सुमारे १७ मिनिटांत पुरं होतं. पुतणीनं हा भागाकार मनातल्या मनात केला आणि हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. मला तो क्षण फार आवडला. चहा पिऊन येईपर्यंत समुद्राचा अर्धा दिवस सरलेला असतो.

दुसरं ठिकाण गोव्यात, दोनापावलाला. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाली. त्याआधीच्या काही वर्षांत अनेक देशांच्या जहाजांनी मिळून हिंदी महासागराचा अभ्यास केला होता, त्याच आंतरराष्ट्रीय मोहिमेतून तिचा जन्म. संस्थेला 'गवेषणी' हे संशोधन जहाज १९७६ मध्ये मिळालं. ते मुळात हॉपर बार्ज होतं, म्हणजे बंदराचा उपसलेला गाळ वाहून न्यायचं गलबत. त्यातच फेरबदल करून प्रयोगशाळा बसवल्या. याच 'गवेषणी'नं जानेवारी १९८१ मध्ये हिंदी महासागराच्या तळावरचे बहुधातू गोळे वर आणले. गाळाच्या गलबतानं हे केलं, याचा मला आजही अभिमान वाटतो. आता 'सिंधू साधना' हे ८० मीटर लांबीचं जहाज २०१४ पासून संस्थेकडे आहे.

समुद्र-तंत्रज्ञान म्हणजे काय, हे दोनापावलाला कळतं. इथल्या अभियंत्यांनी पोर्तुगालच्या संशोधकांबरोबर 'माया' नावाचं स्वयंचलित पाणबुडं यंत्र बनवलं. लांबी पावणेदोन मीटर, वजन पन्नास-पंचावन्न किलो, म्हणजे आमच्याकडच्या सिमेंटच्या एका पोत्याएवढं. दोरी नाही, चालवणारा नाही. पाण्यात सोडलं की ठरल्या वाटेनं जातं, तापमान, क्षारता, विरघळलेला प्राणवायू टिपतं आणि परत येतं. अशा यंत्राला पाण्याखाली जीपीएस मिळत नाही, कारण रेडिओलहरी पाण्यात शिरताच विरतात. मग आपण कुठं आहोत हे त्यानं वेग, दिशा आणि वेळ यांच्या बेरजेवरून ओळखायचं, आणि दर मिनिटाला साचत जाणारी चूकही सांभाळायची. ती चूक कमी कशी करायची, हा एका मुलाच्या पाच वर्षांचा विषय होऊ शकतो.

तिसरं ठिकाण पवई. बंदरातली हलवाहलव, म्हणजे कोणतं जहाज कोणत्या धक्क्याला, कोणता कंटेनर कशावर, कोणता ट्रक किती वाजता, हा विषय तिथल्या एका संस्थेत आहे. १९६३ मध्ये नीटी म्हणून सुरू झालेली ही संस्था २०२३ पासून आयआयएम मुंबई आहे. कंटेनरचा प्रश्न वरून सोपा दिसतो. धान्याच्या थप्पीतलं सर्वांत खालचं पोतं हवं असेल तर वरची उतरवावी लागतात, तसंच इथं. हवा असलेला डबा वरून चौथा असेल तर क्रेनला आधी तीन डबे हलवावे लागतात आणि या तीन हालचालींचे पैसे कुणीच देत नाही. कोणता ट्रक आधी येणार हे डबा रचतानाच कळलं तर हे वाचेल, पण ट्रक घाटात अडकतो आणि हिशेब मोडतो. चंदगड-आजऱ्याच्या काजू युनिटांत आफ्रिकेतून आलेली बीही फुटते. ती बी अशाच कुठल्यातरी थप्पीत थांबून आलेली असते, आणि थांबण्याचं भाडं शेवटी युनिटवाल्याच्या खिशातून जातं.

आता पैशाचं. कारण घरात खरा प्रश्न तोच होता. दादाला वाटायचं पीएचडी म्हणजे आणखी पाच वर्षं फी. ती फी नसून उलट पगारासारखी रक्कम येते हे त्याला पटवायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली. सीएसआयआर-यूजीसीची नेट परीक्षा देऊन जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ झाल्यावर ४२,०००, वर नियमानुसार घरभाडं. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे. पंतप्रधान संशोधन फेलोशिपमध्ये सुरुवातच ७०,००० पासून ठरवलेली. राज्याच्या पातळीवर बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. शिवाय संस्थेला मिळालेल्या एखाद्या प्रकल्पातून जागा निघते, तिची जाहिरात थोड्या दिवसांची असते आणि खेड्यातल्या मुलांपर्यंत ती पोचते तोवर मुदत संपलेली असते.

बाहेरच्या देशांचंही सांगायला हवं. नेदरलँड्समध्ये पीएचडी करणारा बहुतेक वेळा विद्यापीठाचा नोकरदार असतो, चार वर्षांचा करार, पगार, रजा. नॉर्वेत ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठात तर समुद्र-तंत्रज्ञान याच नावाचा विभाग आहे. नेदरलँड्सचे हे डच लोक आमच्या वेंगुर्ल्यात सतराव्या शतकात वखार घालून बसले होते, तिच्या भिंती अजून उभ्या आहेत. ते मालासाठी आपल्या किनाऱ्यावर आले. आपल्या पोरांनी त्यांच्या प्रयोगशाळेत जाऊन लाटा शिकाव्यात यात मला तरी काही बिचकण्यासारखं वाटत नाही.

शिक्षणासाठी पैसा उभा करणं कोल्हापूरला नवं नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली. डॉ. आंबेडकर १९२० मध्ये अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायला पुन्हा लंडनला निघाले तेव्हा महाराजांनी मदत दिली, आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठानं त्यांना डी.एस्सी. दिली. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तीला राजर्षी शाहू महाराजांचंच नाव आहे. महाराजांच्या त्या मदतीचं मोल रकमेत नव्हतं, वेळेत होतं.

म्हणून मला एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. अधिछात्रवृत्ती मंजूर होणं आणि महिन्याच्या महिन्याला खात्यात येणं यांत फार अंतर असतं. माझ्या ओळखीच्या एका मुलाची रक्कम सात महिने अडकली. त्या सात महिन्यांत त्यानं खोली सोडली, गावी येऊन ऊसतोडीच्या हिशेबाच्या वह्या लिहिल्या, आणि परत गेला तेव्हा त्याच्या पाण्यातल्या उपकरणांवर शेवाळ चढलेलं होतं. समुद्राची मापं थांबत नाहीत. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीची नोंद होते आहे, आणि तिची किंमत सलग असण्यातच आहे. पाच वर्षांच्या नोंदीत सात महिन्यांचं भगदाड पडलं तर एक अख्खा पावसाळा जाऊ शकतो, तो पुन्हा मोजता येत नाही. पोरांना मंजूर झालेला पैसा उशिरा देणं म्हणजे थोडा कमी देणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा ओहोटीच्या वेळी जेट्टीवर उभं राहून हे पाहावं.

दुसरी गोष्ट वाढवणची. पालघर जिल्ह्यातल्या या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळानं जून २०२४ मध्ये मंजुरी दिली, खर्च ७६,२२० कोटी रुपये. मच्छीमारांचा विरोध जुना आहे. डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणानं १९९८ मध्ये तिथलं आधीचं बंदर नाकारलंही होतं. एवढ्या मोठ्या कामाचं पाणी, गाळ, मासा आणि माणूस हे सगळं तपासायला आपली मुलं हवीत, जी कागदाच्या कपट्यांकडे पाहताना वाडीतल्या होड्याही पाहतील. हा माझा पक्षपात आहे आणि तो मला सोडायचा नाही.

पुतणीनं शेवटी दोनापावला निवडलं. जेआरएफ दुसऱ्या खेपेला मिळाली. पदवी देणारी अकादमी, एसीएसआयआर, प्रत्येक पीएचडीच्या मुलाला काही आठवडे ग्रामीण भागातल्या एखाद्या प्रश्नावर काम करायला लावते, ही अट ऐकून आई खूश झाली. "म्हंजे परत गावातच येणार की!" पुतणीचा विषय नदीमुखातल्या गाळाचा आहे, पण त्या ग्रामीण कामासाठी तिनं दुसरंच ठरवलंय. मागच्या दिवाळीला निघताना तिनं दादाला रिकामा बिस्किटाचा डबा दिला. यंदाच्या हंगामातल्या सगळ्या स्लिपा त्यात टाकायच्या, आत शिरल्याची वेळ आणि काट्यावरची वेळ दोन्ही असलेल्या, एकही फेकायची नाही. दादानं डबा ट्रॅक्टरच्या सीटखाली ठेवलाय. परवा फोनवर सांगत होता, निम्मा भरला.