लेखणी घडवू आपल्याच हातांनी

सुट्टी लागली की मुलांना काय उद्योग द्यावा, हा प्रश्न घरोघरी पडतो. आम्ही राहतो ते जालना जिल्ह्यातील अंकुशनगर म्हणजे साखर कारखान्याची वसाहत. कारखान्याचा गळीत हंगाम संपला आणि या सुट्टीत आम्ही मुलांना घेऊन हाताने लेखण्या बनवायला बसलो. खर्च जवळपास नाहीच, आणि शिकायला मात्र पुष्कळ मिळाले.

मुलांनी आधी उसाच्या तुऱ्याची काडी आणली. ती आतून भेंडासारखी मऊ असते, त्यामुळे टोक लगेच दबले. लेखणीला पाण्याकाठचा बोरूच हवा. तो पिकलेला, वाळलेला, करंगळीएवढा जाड घ्यावा. वीतभर तुकडा कापून एक टोक धारदार चाकूने उतरते तासावे, आतला गर खरवडून काढावा आणि टोकाला मधोमध बारीक चीर द्यावी. या चिरेतूनच शाई थोडी थोडी खाली उतरते. शेवटी टोक किंचित तिरके छाटावे. म्हणजे एकाच लेखणीने जाड आणि बारीक दोन्ही रेषा येतात आणि अक्षराला वळण लागते. चाकूचे काम मात्र मोठ्यांनीच करावे.

शाईही घरी होते. दिव्याची काजळी, बाभळीचा डिंक आणि पाणी एकत्र करून खूप वेळ घोटावे. जितके घोटाल तितकी शाई एकजीव होते.

रोजच्या वापराला पेन हवे असेल, तर बोरूच्या किंवा बारीक बांबूच्या नळीत बाजारातली रिफिल बसवावी. वरून कातड्याची पट्टी लावता येते. नळी 1 सेंटीमीटर जाड असेल तर पट्टी 3 सेंटीमीटरांहून थोडी रुंद कापावी. झाडाच्या सालीत कमावलेले कातडे जरा ओले करून ताणून चिकटवले, की वाळताना ते घट्ट बसते. अशा तुकड्यांची कात्रणे चपला शिवणाऱ्या कारागिरांकडे मिळतात.

परदेशात हरणाच्या शिंगाची पेनेही करतात. तिथले कारागीर गळून पडलेले शिंग यंत्रावर फिरवून त्याला आकार देतात. आपल्याकडे तो मोह नको. सांबर-चितळांची शिंगे दरवर्षी गळतात हे खरे, पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे जंगलात सापडलेले शिंगही सरकारी मालमत्ता ठरते. ते उचलून आणणे किंवा विकणे गुन्हा आहे.

आमचे कातड्याचे काम चालले असताना शेजारचे आजोबा ओट्यावर येऊन बसले. कातडे पाहताच त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "बाबांनो, ज्या कातड्यापायी गावानं आम्हाला लांब ठेवलं, ते पुन्हा घरात कशाला आणता?"

आम्ही गप्प झालो. मेलेली जनावरे ओढण्याची सक्ती त्यांच्या वडिलांच्या वाट्याला आली होती. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडण्यास सांगितले, आणि आपल्या माणसांनी पोटाला चिमटा घेऊन असली कामे टाकली. तो इतिहास मुलांना ठाऊक नव्हता. आजोबांनी त्या दुपारी तो सांगितला, आणि मुले हातातले काम ठेवून ऐकत राहिली.

आम्हाला वाटते, दोष कातड्यात नव्हता, सक्तीत होता. आज ज्याला हौस आहे त्याने कातड्याची कारागिरी करावी, ज्याचे मन धजत नाही त्याने नुसता बोरू घ्यावा. दोन्हींचा मान सारखाच. ज्यांना अक्षराला हात लावू दिला नाही, त्यांची नातवंडे आज स्वतःची लेखणी घडवतात, ही गोष्ट लहान नाही. आपल्या संविधानाची मूळ इंग्रजी प्रत छापलेली नाही. प्रेम बिहारी नारायण रायजादा यांनी ती टाकाने हातांनी लिहिली आहे, हेही मुलांना जरूर सांगावे.

6 डिसेंबरला चैत्यभूमीवर हार-फुलांऐवजी 'एक वही, एक पेन' आणावे, असे आवाहन केले जाते. विकतच्या पेनाबरोबर मुलाने स्वतः केलेली एक लेखणीही ठेवली, तर ती ज्या मुलाच्या हाती जाईल त्याला मोठे अप्रूप वाटेल.

संध्याकाळी मुलांनी आजोबांपुढे लेखण्या मांडल्या. त्यांनी कातड्याची बाजूला सारली आणि साधा बोरू उचलला. शाईत बुडवून सावकाश आपले पूर्ण नाव लिहिले. मग म्हणाले, "अजून एक करा रे, नातीला द्यायचीय."

जयभीम!