नाव एक, रूपे अनेक

मंचरहून भीमाशंकराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, घोडेगावाच्या शेजारी वसलेल्या शिनोलीसारख्या गावात बारशाच्या दिवशी पाळण्याभोवती लेकीसुना जमतात, गोविंद-गोपाळाच्या नावाने बाळाला पाळण्याखालून देऊन वरून घेतात, आणि आत्या बाळाच्या कानात कुर्र करून ‘ज्ञानेश्वर’ असे त्याचे नाव सांगते. पुढे शाळेच्या दाखल्यावर तो ज्ञानेश्वरच राहतो; पण चावडीवर त्याचा ज्ञानोबा होतो, आजीच्या तोंडी ग्यानबा होतो, आणि बरोबरीच्या पोरांना तर ग्यान्या एवढेच पुरते. यास नावाचा अपभ्रंश म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मला मात्र असे वाटते की, जे नाव लोकांच्या जिभेवर घडत जाते तेच खऱ्या अर्थाने त्यांचे होते.

कृष्णाचेच उदाहरण घ्यावे. संस्कृतातील ऋकार आणि ‘ष्ण’ हे जोडाक्षर प्राकृत बोलणाऱ्यांस अवघड, म्हणून कृष्णाचा ‘कण्ह’ झाला. त्यापासून आपला कान्हा व कान्होबा, बंगाल्यातील कानाई आणि तमिळ देशातील कण्णन ही रूपे सिद्ध झाली. दुसऱ्या वाटेने तोच कृष्ण मराठीत किसन आणि बंगालीत केष्टो झाला. प्रांताप्रांतांतून इतकी रूपे धारण करूनही त्याचे देवत्व तिळमात्र उणे झाले नाही.

या गोष्टीचा पुरावा शिनोलीकरांस दूर शोधावयास नको. उत्तरेस जुन्नर, आणि जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या प्राचीन व्यापारी वाटेच्या माथ्यावर नाणेघाटाचे लेणे आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास सातवाहन राजकुळातील स्त्रीपुरुषांच्या प्रतिमा तेथे कोरल्या गेल्या. आज त्या प्रतिमा नष्ट होऊन पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत, परंतु वरच्या बाजूस ब्राह्मी लिपीत कोरलेली नावे अद्याप वाचता येतात. त्यांत ‘श्री’चे ‘सिरि’ आहे, शातकर्णीचे ‘सातकनि’ आहे, आणि जिला आपण नागनिका म्हणतो ती राणी तेथे ‘नायनिका’ आहे. राजकुळानेही आपली नावे प्राकृतातच कोरविली, यात त्यास काही न्यून वाटले नाही.

जुन्नरच्या लेण्यांत तर परदेशीयांची नावेही आढळतात. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिली, चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघास भोजनमंडप दिला, आणि चंद नावाचा तिसरा यवन दाताही तेथे नोंदलेला आहे. इरिल हे नाव कानांस परके वाटते. चिट आणि चंद मात्र चित्र व चंद्र यांचीच प्राकृत रूपे भासतात. ग्रीक राजा मेनँडर पाली ग्रंथात मिलिंद झाला, आणि 1950 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेस स्थापन केलेल्या महाविद्यालयास तेच नाव मिळाले. आज मिलिंद हे नाव घरोघरी आहे, आणि ते ठेवताना ग्रीस देश कोणाच्या ध्यानीमनीही नसतो. अलेक्झांडर फारसीच्या द्वारे सिकंदर होऊन आला. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पीरास नवस केला आणि झालेल्या पुत्रांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते; त्याच शहाजीराजांच्या पुत्राचे नाव, 1630 साली शिवनेरीवर जन्म झाल्यावर, गडावरील शिवाईवरून पडले, असेही ती सांगते. कोकणातील बेने इस्राएल समाजाने शमुवेलाचा सामाजी आणि यहेज्केलाचा हसाजी केला. मुंबईचे पहिले सिनेगॉग 1796 साली बांधविणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे लोकांत सामाजी हसाजी दिवेकर म्हणून ओळखले जात.

परदेशी स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आज नील, माया, तारा, मीरा अशी नावे पसंत करतात, कारण तशाच उच्चाराची नावे तेथेही असल्याने ती सहज उच्चारली जातात. येथे क्रम उलटा आहे: पूर्वी मूळ एक आणि रूपे अनेक असत, आता रूप एक आणि मुळे निराळी असतात. ही निवड सोयीची आहे आणि तीत गैर काही नाही. मात्र परक्या जिभेस जड जाईल एवढ्याच भयाने ज्ञानेश्वर, यशोदा, विठ्ठल ही नावे टाकून देऊ नयेत. शमुवेलास सामाजी करून घेणाऱ्या मराठी जिभेने जे साधले, ते इतर जिभांसही साधेल.

सावधगिरी पाळावयाची ती सरकारी दप्तरात. 1969 च्या कायद्यानुसार जन्माची खबर 21 दिवसांत द्यावी लागते, आणि नावावाचून नोंद झाली असल्यास बाळाचे नाव 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते. तेव्हा घाई न करता घरच्यांनी एक रूप ठरवावे, आणि जन्मदाखला, शाळा व पुढील सर्व दस्तऐवजांत तेच अक्षरशः कायम ठेवावे. सातबाऱ्यावर ज्ञानोबा आणि दाखल्यावर ज्ञानेश्वर असा फरक राहिला, तर वारसनोंदीच्या वेळी प्रतिज्ञापत्रांसाठी हेलपाटे पडतात. दप्तरातील नाव असे एकदा पक्के झाले की, घरी, गावी आणि परमुलखी त्याला किती रूपे फुटतात याची चिंता आईबापांनी करू नये. जितकी माणसे ते नाव आपल्या जिभेने घडवतील, तितक्यांनी त्या मुलाला आपले म्हटले असे समजावे.